उंदीर नव्हता

उंदरानं केबल कुरतडली, हे माझं पहिलं निदान. आणि मी त्या निदानावर जवळजवळ पाऊण तास ठाम होतो, हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला जास्त लाज वाटते.

२६ डिसेंबर २००४, रविवार. मी तेव्हा पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका छोट्या भूकंप केंद्रावर निरीक्षक होतो, कंत्राटी. निरीक्षक म्हणलं की भारी वाटतं पण काम काय, तर रोज सकाळी फिरणाऱ्या ड्रमवरचा कागद बदलायचा (त्यावर पेन हादऱ्याची रेघ ओढतो), पेनात शाई भरायची, घड्याळ बरोबर चालतंय का बघायचं आणि चोवीस तासांत किती हादरे उमटले ते मोजून वहीत लिहायचे. दोन खोल्या, एक ड्रम, एक फोन, आणि साठ-सत्तर पावलांवर खडकात खणलेला खड्डा, त्यात जमिनीची हालचाल टिपणारा सेन्सर. खड्ड्यापासून खोलीपर्यंत केबल आणि त्या केबलवर आमच्यापेक्षा उंदरांचा हक्क जास्त. पावसाळ्यात दोनदा खाल्ली होती, म्हणून संशय त्यांच्यावरच.

सोबतीला वॉचमन मामा. खालच्या गावचेच. त्या दिवशी दत्तजयंती होती आणि मामांना औदुंबरला जायचं होतं, म्हणून पहाटेच आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, चहा टाकून बसले होते, मी कागद बदलला की लगेच निघणार. थंडी अशी की पेनातली शाई पण आळसावलेली, हातानं चोळून गरम करायला लागायची.

आता कोयनेचा हादरा कसा असतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इकडच्या माणसाला तो शिकवायला लागत नाही. आधी जमिनीखालनं गुरगुर येते, डोंगरात कुणीतरी मोठं पिंप लोटतंय असं वाटतं, मग एकदाच दणका, फळीवरची भांडी वाजतात, कौलातनं थोडी माती पडते, झालं. लोक कूस बदलून परत झोपतात. कागदावर पण तो तसाच आखूड. एकाच हादऱ्यातनं दोन लाटा निघतात, पी पळणारी, एस मागं राहणारी. आधी बारीक पी लाट, तिच्या मागोमाग दोन-तीन सेकंदांत एस लाट, जाड, आणि मग निमुळती होत गेलेली शेपूट. भिंतीवर पाल चिकटलीय असं दिसतं. पी आणि एसमधले सेकंद मोजायचे, आठनं गुणायचं, एवढे किलोमीटर लांब झाला. दोन सेकंद म्हणजे सोळा किलोमीटर. ही आमची बाराखडी. मी अशा हजारभर पाली मोजल्या असतील तोपर्यंत.

त्या दिवशी ६ वाजून ३४ मिनिटांनी पेन हलला. मी समोरच उभा होतो, हातात नवा कागद. पी आली म्हणलं, आता एस येईल. सवयीनं मनात एक, दोन, तीन मोजलं. आली नाही. दहा झाले, वीस झाले, पेन आपला वरखाली चाललाय, थांबायचं नाव नाही, आणि पायाखाली काहीच नाही. गुरगुर नाही, दणका नाही, चहाच्या कपात साधा तरंग नाही, पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं कान पण हलवला नाही. चार-साडेचार मिनिटं अशी गेली आणि मग पेननं एकदम एवढा मोठा झोका घेतला की तो जाऊन बाजूच्या स्टॉपरवर आदळायला लागला, टक, टक, टक. कागद मिनिटाला सहा सेंटीमीटर सरकायचा, पंधरा मिनिटांत ड्रमचा एक फेरा, दुसऱ्या फेऱ्याला ओळी एकमेकीवर चढल्या आणि सगळा निळा चिखल झाला.

मामा म्हणाले, "उंदीर."
मी म्हणलं, "उंदीरच."

मग काय, बॅटरी घेऊन खड्ड्याकडं. झाकण काढलं, आत उतरलो, केबल हातानं चाचपत आलो, मीटर लावला, केबल सलग. परत खोलीत. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून चालू केला. गेन, म्हणजे हालचाल किती पट मोठी करून दाखवायची ते, कमी केला, मग अजून कमी केला. पेन थोडा शांत झाला पण झोका तोच, सावकाश, एका लाटेला पंधरा-वीस सेकंद. आमच्या हादऱ्याची लाट सेकंदात दहा वेळा थरथरते, आणि हे म्हणजे झाडाला बांधलेला झोपाळा. मी पेन सोडून दुसरा लावला. तो पण तसंच करायला लागला. इथं खरं तर डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता, पण मी जोडण्या स्पिरिटनं पुसत बसलो.

सव्वासात-साडेसातला साहेबांच्या घरी फोन लावला. रविवारी सकाळी फोन म्हणजे शिवी बसणार ही तयारी ठेवूनच. म्हणलं साहेब यंत्र बिघडलंय, कागद वाया गेला, नवीन लावू का.

"कागदाला हात लावू नको," साहेब म्हणाले. "हादरा जाणवला का तुला?"
"नाही."
"लाट सावकाश आहे?"
"हो, पंधरा-वीस सेकंदांची."
"अरे मग यंत्र चांगलंय तुझं. लांबचा आहे. दुसऱ्या स्टेशनवरनं पण हेच सांगतायत. अंदमान नाहीतर सुमात्राकडचा असणार. आणि मोठा आहे, फार मोठा."

मी विचारलं किती मोठा. ते म्हणाले आज सांगता यायचं नाही. मग वेळा नीट लिहून ठेव, वेळेच्या खुणा पुसू नको वगैरे सूचना दिल्या आणि फोन ठेवला. पाणी, समुद्र, लाट, किनारा, यातला एक शब्द त्या फोनवर माझ्याही तोंडून निघाला नाही आणि त्यांच्याही. ही गोष्ट मी नंतर शंभर वेळा आठवून बघितलीय.

मामांची औदुंबरची एसटी गेली होती. ते खाली गावात दत्ताच्या देवळात गेले आणि अकराच्या सुमाराला पळत वर आले, म्हणाले, "आवो चला, हाटेलात टीव्हीवर बघा काय चाललंय." हॉटेल म्हणजे फाट्यावरची पत्र्याची टपरी, वीस-पंचवीस माणसं उभी, आणि टीव्हीवर चेन्नईचा मरीना बीच. गाड्या तरंगत होत्या. होड्या रस्त्यावर. मग नागपट्टिणम, मग अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला अशी पट्टी. कुणी बोलत नव्हतं. मामा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "आपल्या पेननं सकाळीच सांगितलं हुतं की."

मी हिशेब केला, करायला नको होता पण केला. तिकडं सुमात्राजवळ आपल्या घड्याळानं ६ वाजून २८ मिनिटं ५३ सेकंदांनी सुरू झालं. आमच्यापासून अंतर जवळजवळ २,९०० किलोमीटर, ते अंतर पी लाटेनं साडेपाच मिनिटांत कापलं. समुद्रातली लाट मात्र चेन्नईला पोचली नवाच्या आसपास. म्हणजे सह्याद्रीत बसून मला कळलं (कळलं म्हणजे पेनला कळलं) आणि चेन्नईला पाणी आलं, यात साधारण अडीच तास. त्यातला पाऊण तास मी उंदीर शोधला.

आता कुणी म्हणेल तू फोन करून तरी काय केलं असतंस, कुणाला केला असतास. ते खरंच आहे. हिंदी महासागरात तेव्हा सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती, पॅसिफिकमध्ये होती, आणि तिथल्या केंद्रानं पण सुरुवातीला हा भूकंप ८ चाच धरला होता, नंतर तो वाढत वाढत ९.१ वर गेला. सगळ्या देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. हे सगळं माहीत असून पण तो अडीच तासांचा आकडा डोक्यातनं जात नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः आले, तो निळ्या चिखलाचा कागद टेबलावर पसरला आणि दुपारभर मला आणि मामांना समजावत बसले. कुठनं सुरू करावं कळेना त्यांना, मग उठून आमच्या मागच्या खोलीच्या दाराला लाथ मारली. हे दार पावसाळ्यात फुगायचं आणि आम्ही ते डिसेंबरपर्यंत शिव्या देत उघडायचो. म्हणाले, हे दार तुम्ही ढकलता तेव्हा काय होतं? ढकला, ढकला, हलत नाही, जोर मात्र साठत जातो, फळी वाकते, आणि मग एकदम धाडकन उघडून तुम्ही आत पडता. बास, एवढंच आहे.

आपला भारत ज्या पाट्यावर बसलाय, प्लेट म्हणतात तिला, ती वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास उत्तरेकडं सरकतीय, नखं वाढतात साधारण त्या वेगानं. पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली, त्यातनं हिमालय उठला, आणि अजून ढकलणं थांबलेलं नाही. कांगडा १९०५, बिहार-नेपाळ १९३४, आसाम १९५०, ही सगळी त्याच दाराची धाडधाड. पूर्वेकडं अंदमान-सुमात्राच्या बाजूला मात्र डोक्याला डोकं लागत नाही, तिथं आपल्या बाजूची प्लेट शेजारच्या प्लेटच्या खाली तिरकी घुसते. घुसताना ती घसरून नीट जात नाही, दोन्ही कडा एकमेकींना घट्ट धरून बसतात. खालची आत चाललीय म्हणून वरचीची कड पण तिच्याबरोबर ओढली जाते, वाकते, शंभर वर्षं, दोनशे वर्षं. मग एक दिवस पकड सुटते आणि वरची कड सुटलेल्या पट्टीसारखी उसळून वर येते, अन तिच्यावर उभा असलेला समुद्र पण वर उचलला जातो. ती सुनामी.

"किती लांब सुटली?" मामांनी विचारलं.
साहेब म्हणाले, "साताऱ्यापासून सरळ रेघ ओढली तर दिल्लीपर्यंत. तेवढी."

बाराशे-तेराशे किलोमीटर. आणि एका फटक्यात नाही, दक्षिणेकडनं उत्तरेकडं फाटत जायला आठ-दहा मिनिटं लागली. म्हणजे ६.३४ ला माझा पेन हलायला लागला तेव्हा तिकडं भेग अजून फाटतच होती. मी केबलच्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा. भूकंप किती मोठा हे भेग किती लांब, किती रुंद आणि किती सरकली यावर ठरतं, आणि एवढी लांब भेग प्लेटांच्या काठावरच मिळते, म्हणून ९ चे भूकंप चिली, अलास्का, जपान, सुमात्रा असल्याच ठिकाणी होतात. आपल्याकडं बसून तो व्हायचा नाही.

मामा जरा दुखावलेच. "मग आमचा काय खोटा हुता का?"

आमचा म्हणजे ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मामा तेव्हा बारा वर्षांचे. घर दगडमातीचं, आज्जी आत राहिली. हे ते एवढंच सांगतात, त्याच्या पुढं बोलत नाहीत. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. साहेब म्हणाले खोटा कसा असेल, पण ६.३ चा होता. रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा बत्तीस पट होते, त्या हिशेबानं सुमात्राचा कोयनेच्या साधारण पंधरा हजार पट निघतो. पण मामा, तुमच्या घराला पंधरा हजार पट लागलं नाही, तुमच्या घराखाली झाला म्हणून एकच पुरला. किल्लारी पण ६.२ चाच. प्लेटच्या मधोमध असलो तरी काठावरचा जोर आतपर्यंत पोचतो, ढकललेल्या दाराची फळी मध्ये पण ताणलेलीच असते, आणि तिच्यात जुनी चीर असली तर ती तिथं बोलते. कोयनेत त्या चिरेला १९६० नंतर धरणात साठलेल्या पाण्यानं निमित्त दिलं. पाणी खडकाच्या भेगांत उतरतं, दाब वाढतो, पकड सैल होते. पाण्यानं भूकंप केला नाही, वेळ जवळ आणली म्हणा. धरणाचा शिवसागर जलाशय भरतो-रिकामा होतो त्या तालात माझ्या पालींची संख्या कमी-जास्त व्हायची, ते मी स्वतः वहीत लिहीत होतो आणि तरी कधी असा विचार केला नव्हता.

त्यानंतर बरंच बदललं. २००७ मध्ये हैदराबादला सुनामीच्या इशाऱ्याचं केंद्र सुरू झालं, समुद्रात दाब मोजणारी यंत्रं टाकली. आमचा ड्रम गेला, कॉम्प्युटर आला, शाई गेली (तिचा वास मात्र मला अजून आठवतो). माझं कंत्राट दरवर्षी वाढत राहिलं, पगार फारसा नाही.

११ एप्रिल २०१२, बुधवार, दुपारी सव्वादोन वाजायला एक मिनिट. मी डबा खात होतो. स्क्रीनवर तीच ती सावकाश सुरुवात, आणि मी मनात एक, दोन, तीन मोजलं, एस आली नाही, तसा डबा तिथंच ठेवून फोन उचलला. उष्ट्या हातानं. साहेब रिटायर झाले होते, नवीन मॅडम होत्या, त्या म्हणाल्या हो आम्हालाही दिसतंय, सुमात्राच आहे, इशारा जातोय. तो ८.६ चा निघाला. चेन्नईत लोक ऑफिसं सोडून किनाऱ्यापासून लांब पळाले, आणि लाट काही मोठी आलीच नाही. कारण ह्या वेळी खालीवर काही उसळलं नव्हतं, प्लेटच्या आतल्याच भेगा आडव्या सरकल्या होत्या, पाणी उचलायला काही कारणच नव्हतं. टीव्हीवर लगेच सुरू झालं, उगाच घाबरवलं म्हणून. मला तर असं उगाच घाबरवलेलं दर वर्षी चालेल.

मामांना रिटायर व्हायला तेव्हा वर्षभर राहिलं होतं. ते दारात उभे राहून स्क्रीनकडं बघत होते, मी फोन ठेवल्यावर म्हणाले,

"खड्ड्यात उतरून बघू का एकदा? उंदीर असला तर?"