टँकमधली वात

माझ्या व्हेपसाठी, म्हणजे ई-सिगारेटसाठी, मी हाताने बांधलेली पहिली कॉइल (कापसात शोषलेले लिक्विड तापवणारे तारेचे वेटोळे) दुसऱ्याच झुरक्याला करपली. रविवारची दुपार होती, लेस्टरमधल्या आमच्या छोट्या स्वयंपाकघराच्या टेबलावर तार, चिमटे, कापूस आणि एक जुनी स्टीलची ताटली असा सरंजाम मांडून मी दीड तास खपलो होतो, आणि शेवटी घशात गेला तो जळक्या गोणपाटासारखा धूर. आतल्या खोलीतून बायकोने विचारले, "हा वास कसला रे? मिक्सर जळला की काय?" मी तारेला दोष दिला, पुन्हा वेढे घातले, पुन्हा करपले. तार निर्दोष होती आणि चूक कापसाची होती, हे लक्षात यायला मला आणखी दोन रविवार लागले. नवशिक्या माणसाचे सगळे लक्ष तारेवर, ओहमवर आणि वॅटवर असते, कारण त्या गोष्टी आकड्यांत मोजता येतात. झुरका कसा येणार हे मात्र बहुतांशी कापूसच ठरवतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हा मजकूर कोणासाठी आहे ते आधी सांगणे भाग आहे. मी चौदा वर्षे सिगारेट ओढली आणि ती सोडण्यासाठी व्हेपकडे वळलो. ज्याने कधी सिगारेटला हात लावला नाही त्याने इकडे वळण्याचे काहीच कारण नाही, कारण निकोटिनचे व्यसन कोणत्याही मार्गाने आले तरी व्यसनच असते. दुसरे असे की, मी हे ब्रिटनमध्ये बसून लिहितो आहे. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा या सर्वांवर बंदी आली. आयातीच्या पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे पुण्याला जाताना माझे हे सारे सामान येथल्याच कपाटात राहते, आणि "एखादे घेऊन ये ना" म्हणणाऱ्या मित्रांना मी नकार देतो.

व्हेपच्या ज्या भागात लिक्विड भरतात तो टँक. बाजारात मिळणाऱ्या साध्या टँकमध्ये कॉइल आणि कापूस एका बंद डबीत बसवलेले येतात. ती डबी करपली की फेकायची आणि नवी लावायची. पुन्हा बांधता येणाऱ्या टँकमध्ये या डबीच्या जागी एक उघडा ओटा असतो, ज्याला सगळे डेक म्हणतात. त्यावर दोन खांब, खांबांना तार आवळणारे स्क्रू, मधोमध हवा येण्याचे भोक आणि दोन्ही बाजूंना लिक्विड आत येण्याच्या खाचा असतात. वरून एक चिमणी बसते, तिच्याभोवती काचेचा टँक, आणि सर्वांत वर तोंडाला लावायची ड्रिप टिप. ब्रिटनच्या नियमानुसार दुकानात विकल्या जाणाऱ्या टँकची क्षमता दोन मिलिलिटरपेक्षा अधिक असत नाही आणि लिक्विडमधले निकोटिन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर जात नाही. दहा मीटर तारेच्या एका रिळातून शंभराहून अधिक कॉइल निघतात, त्यामुळे खर्चाचा हिशोब उघड आहे. पण मला खरे आकर्षण वाटले ते आतले सगळे डोळ्यांना दिसते याचे.

दुकानातल्या पोराने मला दोन कॉइलचा, मोठ्या ढगांचा टँक दाखवला होता. तो मी घेतला नाही, हा त्या काळातला माझा एकमेव शहाणपणा. सिगारेट सोडणाऱ्याला सिगारेटसारखीच ओढ हवी असते, म्हणजे धूर आधी तोंडात घेऊन मग छातीत नेण्याची. तिच्यासाठी एकच कॉइल, अरुंद हवेचे भोक आणि एक ओहमच्या आसपासचा रोध पुरतो. मोठ्या ढगांसाठी रोध खाली आणावा लागतो, आणि तेथे गणित कडक होते: पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, त्याला रोधाने भागले की विजेचा प्रवाह मिळतो. १.१ ओहमला तो चार अँपिअरच्याही आत राहतो, ०.१५ ओहमला तो थेट अठ्ठावीसवर पोहोचतो, आणि व्हेपमधल्या अनेक १८६५० आकाराच्या सेलची सतत देण्याची मर्यादा वीसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. टँकखालच्या, सेल आणि बटण असलेल्या भागाला मॉड म्हणतात. सुरुवात करणाऱ्याने ज्याच्या आत कसलेच सर्किट नाही असा यांत्रिक मॉड घेऊच नये. रोध दाखवणारा आणि शॉर्ट झाल्यास वीज तोडणारा मॉड घ्यावा. सेलचे प्लास्टिकचे वेष्टन कोठे फाटले असेल तर तो सेल वापरातून काढावा, आणि सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात कधीही टाकू नये. हा नियम मी अगदी आजीच्या सोवळ्याइतका कडक पाळतो.

तारेकडे वळू. मी २८ गेजची कँथल तार वापरतो. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू नवशिक्याला सोयीचा पडतो, कारण तो आकार नीट धरून ठेवतो आणि साध्या वॅटच्या पद्धतीवर चालतो. तापमान-नियंत्रणासाठी मात्र तो निरुपयोगी आहे; त्यासाठी निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टील लागते. अडीच मिलिमीटर जाडीच्या सळईवर एकमेकांना चिकटून सहा वेढे घातले की रोध साधारण १.१ ओहम येतो. एका हाताने तारेचे टोक अंगठ्याखाली दाबून दुसऱ्या हाताने तार ताणून धरायची आणि सळई फिरवायची. ताण सुटला की वेढे विसकटतात. खांबाला लावताना स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने तारेचे टोक त्याच्याभोवती गेले पाहिजे, नाहीतर आवळताना स्क्रू तार बाहेर ढकलतो आणि आपण तारेला शिव्या देत बसतो. दोन्ही टोके अगदी मुळाशी कापावीत. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात जेमतेम एक मिलिमीटर टोक शिल्लक राहून चिमणीला टेकले होते, आणि मॉडने शॉर्टची सूचना देऊन चालू व्हायलाच नकार दिला.

सळई आत असतानाच कॉइल हवेच्या भोकाच्या बरोबर वर, मधोमध आणि आडवी सरळ बसवून घ्यावी. मग सळई काढून मॉड आठ-दहा वॅटवर ठेवावा आणि बटण क्षणभरच दाबावे. कॉइल आतून बाहेर सारखी तांबूस व्हायला हवी. एखादाच वेढा आधी लालभडक होत असेल तर वीज बंद करून सिरॅमिकच्या चिमट्याने कॉइलवरून हलकेच ओरखडावे आणि वेढे किंचित दाबून एकत्र आणावेत. तीन-चार वेळा असे केले की ती समान तापते. बटण दाबलेले असताना धातूचा चिमटा लावायचा नाही. रोधाचा आकडा सारखा वरखाली होत असेल तर बहुधा स्क्रू सैल राहिलेला असतो.

आता कापूस. आमच्या घरी आजीने एका चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरला होता, आणि शाळेतून आल्यावर सरकी काढून कापूस मोकळा करून देण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे. मी एकदा उत्साहाने काही वाती पिळून पिळून सुतळीसारख्या घट्ट वळल्या. आजीने त्यांतली एक तेलात सोडून दाखवली: तळाशी भिजली, वर कोरडीच राहिली. तेल वर चढायला धाग्यांमध्ये वाट लागते, एवढे ज्ञान मला वयाच्या आठव्या वर्षी मिळाले होते, आणि तरीही लेस्टरमध्ये मी तेच केले. अधिक कापूस म्हणजे अधिक लिक्विड, असा माझा बाळबोध हिशोब होता. एकच सावधगिरी सांगतो, की समईची उपमा येथेच थांबते. टँकमध्ये तेल कधीच चालत नाही. स्वयंपाकातला तेलकट अर्क हौसेने त्यात घालणे फुप्फुसांसाठी धोक्याचे आहे. लिक्विडमध्ये ग्लिसरिन, प्रोपिलिन ग्लायकॉल, स्वाद आणि निकोटिन एवढेच असते.

कापसाची पट्टी बोटांत हलकेच लांबट करावी, तिचे एक टोक पिळून अणकुचीदार करावे आणि ते कॉइलमधून ओढून घ्यावे. ओढताना कॉइल जागची हलली तर कापूस जास्त झाला, आणि कापूस अगदी सहज घसरत गेला तर तो कमी झाला. नाडी नेफ्यात ओवताना जाणवतो तेवढा अडसर पुरे. मग पिळलेले टोक कापून टाकावे, दोन्ही बाजूंचा कापूस डेकच्या कडेपर्यंत येईल एवढाच ठेवावा, आणि ही टोके सुईने किंवा चिमट्याच्या अणीने विंचरून मोकळी करावीत. माझी सगळी फजिती या शेवटच्या पायरीत दडलेली होती. कॉइलमध्ये कापूस बेताचा असला तरी खाचांमध्ये मी तो ठासून भरत होतो, म्हणजे विहिरीला पाणी असून रहाट अडकवून ठेवल्यासारखे. खाचेचे तोंड कापसाने झाकले जावे, पण तो आत दाबला जाऊ नये. झाकले नाही तर लिक्विड हवेच्या भोकातून टेबलावर येते. दाबला तर कॉइल कोरडी पडते आणि करपते. करपलेला झुरका नुसता बेचव नसतो, त्या तापमानाला फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात, म्हणून तो गिळून पुढे ओढत राहू नये.

लिक्विड किती दाट आहे हेही पाहावे. ग्लिसरिनचे प्रमाण सत्तर टक्के असेल तर ते मधासारखे सावकाश सरकते आणि त्याला सैल कापूस लागतो. निम्मे-निम्मे असेल तर ते पातळ असते आणि जरा भरीव कापूस चालतो. जुळणी झाल्यावर कापसावर थेंब थेंब लिक्विड टाकून तो पांढऱ्याचा अर्धपारदर्शक होईपर्यंत भिजवावा, वर चिमणी बसवावी, हवेचे भोक बंद करून टँक भरावा आणि दहा मिनिटे हात लावू नये. नंतर दहा वॅटपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या वॅटने वर जावे. माझी कॉइल तेरा-चौदावर सुखी असते. झुरका घेताना गुरगुर ऐकू आली तर लिक्विड जास्त येते आहे, आणि चव हळूहळू फिकी होत गेली तर कमी.

आता दर दहा-बारा दिवसांनी मी फक्त कापूस बदलतो. जुना कापूस ओढून काढतो, कोरडी कॉइल क्षण-दोन क्षण तापवून तिच्यावरची काळी पुटे जाळतो, पाण्याखाली धरून पुसतो आणि नवा कापूस ओवतो. एकच कॉइल दोन महिने सहज चालते. हे सगळे चहा निवायच्या आत होते. कापसाची एक मोठी पुडी कपाटात असते आणि देवघरातल्या निरांजनालाही तिच्यातलाच कापूस जातो. मात्र त्या वाती बायको वळते, कारण माझ्या हाताला आता इतके सैल वळायची सवय झाली आहे की माझी वात तुपात उभी राहत नाही.