सहाचा आकडा: एनएचएलमधलं निलंबन कागदावर वाचताना

१० फेब्रुवारी २०२४, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये ओटावा विरुद्ध टोरोंटो. सामन्याची शेवटची काही सेकंदं. बरोबरी साधण्याच्या नादात टोरोंटोने गोलकीपर बाहेर काढलेला आणि ओटावाच्या रिडली ग्रेगसमोर रिकामी जाळी. पक, म्हणजे हॉकीतली चकती, अलगद ढकलला असता तरी गोलच होता. त्याने काठी मागे नेऊन सणसणीत स्लॅपशॉट मारला. टोरोंटोच्या मॉर्गन रायलीला ती खुन्नस सहन झाली नाही. तो सरळ ग्रेगवर गेला आणि दोन्ही हातांत आडवी धरलेली काठी त्याच्या डोक्यापाशी हाणली. याला क्रॉसचेक म्हणतात. तीन दिवसांनी निकाल लागला: पाच सामने बंदी.

पाच जास्त की कमी यावर लोक भांडत होते. मला वेगळंच कोडं पडलं. रायलीला प्रत्यक्ष सुनावणीचं बोलावणं गेलं होतं, आणि सहा किंवा त्याहून जास्त सामन्यांची शिक्षा होऊ शकते असं वाटलं तरच ते द्यावं लागतं. मग पाचच कसे? ते सोडवायला मी लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार उघडला. त्याला सगळे सीबीए म्हणतात. त्यातलं अठरावं कलम बर्फावरच्या गैरवर्तनाचं. पानं मोजकीच, पण नीट लागेपर्यंत मी दोन ठिकाणी साफ चुकलो. त्या चुका पुढे येतीलच.

पहिली पायरी सोपी आहे. लीगचा प्लेअर सेफ्टी हा विभाग २०११ मध्ये सुरू झाला. ब्रेंडन शॅनहन पहिले प्रमुख, मग स्टेफान केंटाल, आणि २०१७ पासून जॉर्ज पॅरोस. तिघेही माजी खेळाडू. न्यूयॉर्कमध्ये बसून हा विभाग प्रत्येक सामना पाहतो आणि संशयास्पद धडक दिसली की तिच्या चित्रफिती वेगळ्या काढतो. रेफ्रीने मैदानावर शिक्षा दिली होती की नाही, याच्याशी पुढच्या कारवाईचा संबंध नाही. दोन मिनिटांची पेनल्टीसुद्धा न मिळालेल्या धडकेवर बंदी येऊ शकते.

सुनावणी दोन प्रकारची. पाच सामन्यांपर्यंतचं प्रकरण असेल तर फोनवर, त्यापुढे जाण्याची शक्यता असेल तर प्रत्यक्ष. खेळाडूला हवं तर तो प्रत्यक्ष सुनावणीचा हक्क सोडून फोनवर बोलू शकतो. बातमीत 'प्रत्यक्ष सुनावणीचा प्रस्ताव' असे शब्द दिसले की लोक धरून चालतात, आता सहा नक्की. माझी पहिली चूक हीच. त्या प्रस्तावाने लीगला पाचाच्या वर जायची मुभा मिळते, सक्ती होत नाही. दार उघडं ठेवलं म्हणजे आत शिरलंच पाहिजे असं नाही.

सुनावणीत खेळाडू असतो, त्याचा एजंट असतो, संघाच्या व्यवस्थापनातलं कोणी असतं आणि खेळाडूंच्या संघटनेचा, म्हणजे एनएचएलपीएचा प्रतिनिधी असतो. ही संघटना १९६७ ची, कचेरी टोरोंटोत. तिचं या खोलीत नेमकं काम काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ज्याने मारलं तो सभासद आणि ज्याला मार बसला तोही सभासद. रायली जितका संघटनेचा, तितकाच ग्रेगही तिचाच. त्यामुळे 'आमच्या माणसाने काहीच केलं नाही' असा आव तिला आणता येत नाही. चित्रफीत समोर असताना त्याचा उपयोगही नसतो. भांडण होतं ते आकड्यावर आणि पद्धतीवर. लीगनेच ठरवलेल्या कसोट्या लीगने नीट लावल्या का? आधीच्या तशाच प्रकरणांत किती सामने दिले होते?

त्या कसोट्या अठराव्या कलमात लिहिलेल्या आहेत. कृत्य कोणत्या प्रकारचं होतं, त्यात हेतू होता की बेफिकिरी, जोर गरजेपेक्षा जास्त होता का. समोरच्याला दुखापत झाली का. खेळाडूचा इतिहास काय. आणि प्रसंग कोणता होता, म्हणजे सामना संपत आला होता का, एका बाजूला झुकलेला होता का, बदला घेण्यासारखं काही आधी घडलं होतं का. रायलीच्या बाबतीत ही शेवटची कसोटी उघडच त्याच्या विरोधात जात होती. गोल होऊन गेलेला, खेळ थांबलेला, म्हणजे पकसाठीची झटापट हे कारणही उरलं नव्हतं. त्याच्या बाजूने होता तो कोरा इतिहास.

इथून पुढे पैशाचं गणित, आणि इथेच माझी दुसरी चूक. त्या मोसमात ८२ सामने, म्हणून मी सरसकट पगाराला ८२ ने भागत होतो. आकडे बातमीतल्या आकड्यांशी जुळेनात. कारण भागायच्या संख्या दोन आहेत. पहिल्यांदा सापडलेल्याचा सरासरी वार्षिक पगार मोसमाच्या एकूण दिवसांनी भागतात. वारंवार गुन्हा करणाऱ्याचा सामन्यांच्या संख्येने, म्हणजे ८२ ने. रायलीचा सरासरी पगार ७५ लाख डॉलर. २०२३-२४ च्या मोसमाचे दिवस १९२. पंचाहत्तर लाख भागिले १९२ गुणिले ५: १,९५,३१२.५० डॉलर. बातमीतही हाच आकडा होता. ८२ ने भागलं असतं तर साडेचार लाखांच्या वर गेलं असतं.

'वारंवार' कोणाला म्हणायचं यालाही मुदत आहे: मागच्या निलंबनानंतर १८ महिने. राफी टोरेसचं प्रकरण यासाठी मासलेवाईक. २०१२ मध्ये मारियन होसाच्या डोक्याला धडक दिल्याबद्दल त्याला २५ सामने मिळाले होते. अपिलात लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, गॅरी बेटमन यांनी ते २१ केले. मे २०१३ मध्ये पुन्हा निलंबन. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये याकोब सिल्फरबर्गला धडक, आणि ४१ सामने, म्हणजे बरोबर अर्धा मोसम. पण मधे १८ महिने उलटून गेले होते. त्यामुळे पगार कापताना तो कागदोपत्री पहिल्यांदाच सापडलेला! त्याचा पगार २० लाख डॉलर, मोसमाचे दिवस १८६, म्हणून कापले गेले सुमारे ४ लाख ४१ हजार. ८२ चा भागाकार लागला असता तर बरोबर दहा लाख गेले असते. बंदी किती सामन्यांची हे ठरवताना मात्र जुना इतिहास बघायला लीगला कोणी अडवत नाही, आणि टोरेसच्या बाबतीत तो पुरेपूर बघितला गेला. म्हणजे एकच माणूस एका रकान्यात सराईत आणि दुसऱ्यात नवखा. कापलेले पैसे लीगच्या खिशात जात नाहीत, अडचणीतल्या खेळाडूंसाठीच्या मदतनिधीत जातात. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, पगारच नसतो, त्यामुळे तिथे बंदी आली तर कापायला काही नसतं. फक्त सामने जातात. ते जास्त महाग पडतात हा भाग वेगळा.

आता अपील. निकाल कळल्यापासून ४८ तासांत संघटनेला ते लेखी दाखल करावं लागतं, आणि ते जातं कमिशनरकडे. ज्यांनी आपल्याकडची खातेनिहाय चौकशी जवळून पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: नोटीस देणारा, शिक्षा ठरवणारा आणि अपील ऐकणारा, तिघेही एकाच छपराखालचे. २०१३ च्या करारापर्यंत गोष्ट तिथेच संपायची. त्या करारात संघटनेने एक जास्तीची पायरी मिळवली, तटस्थ लवादाची. पण तिला उंबरठा ठेवला गेला. कमिशनरच्या निकालानंतर बंदी सहा किंवा जास्त सामन्यांची उरत असेल तरच सात दिवसांत लवादाकडे जाता येतं. पाच असेल तर कमिशनरचा शब्द शेवटचा.

रायलीच्या पाचाचं कोडं इथे सुटतं. लीगने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण पाच आणि सहा यांच्यात एका सामन्याचा फरक नाही, एका पूर्ण पायरीचा आहे. निकालपत्र हातात आलं की आधी हे बघायचं, बाकी नंतर.

ही वरची पायरी कशी चालते ते डेनिस वाइडमनच्या प्रकरणात सगळ्यात स्पष्ट दिसतं. २७ जानेवारी २०१६, कॅल्गरी विरुद्ध नॅशव्हिल. कॅल्गरीच्या वाइडमनला एक जोरदार धडक बसली, तो उठला आणि बाकाकडे परत येताना लाइन्समन, म्हणजे सामन्याच्या पंचांपैकी एक, डॉन हेंडरसनला मागून काठीने ढकलून खाली पाडलं. ३ फेब्रुवारीला २० सामन्यांची बंदी. पंचांवर हात टाकल्याची प्रकरणं प्लेअर सेफ्टीकडे जातच नाहीत, ती लीगच्या हॉकी ऑपरेशन्सकडे जातात. त्यामुळे पॅरोस किंवा त्यांच्या आधीच्यांच्या नावाने खडे फोडणाऱ्यांचा नेम इथे चुकतो. नियम चाळीसचे दोन पोटनियम महत्त्वाचे. ४०.२: इजा करण्याच्या हेतूने पंचावर बळ वापरलं तर किमान २० सामने. ४०.३: बळ मुद्दाम वापरलं, पण इजा करण्याचा हेतू नव्हता, तर किमान १०. सगळा खटला या एका शब्दावर, 'हेतू'वर, उभा राहिला.

संघटनेने काय केलं? धडक झालीच नाही असं म्हटलं नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला आपण काय करतोय याचं भान किती असतं, यावर दोन तज्ज्ञ उभे केले. बेटमनना ते पटलं नाही. १७ फेब्रुवारीला त्यांनी वीसचे वीस कायम ठेवले. वाइडमनने एका सहकाऱ्याला पाठवलेला, पंचांबद्दल तुच्छतेने लिहिलेला मोबाइल संदेशही त्यांनी निकालात विरोधात धरला. सुनावणी सुरू असताना फोन खिशात ठेवावा, हे कोणत्याही करारात लिहिलेलं नसतं.

मग लवाद जेम्स ओल्डहॅम. लवादापुढचा प्रश्न कराराने आखून दिला आहे: लीगच्या अंतिम निर्णयाला भरीव पुराव्याचा आधार आहे का? ओल्डहॅमनी ठरवलं की इजा करण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून लागू होतो तो ४०.३, आणि बंदी १० सामने. तारीख ११ मार्च. तोवर वाइडमन १९ सामने बाहेर बसून झाला होता.

इथे हिशोब पुन्हा मांडून बघावा. पगार ५२,५०,००० डॉलर, भागिले १८६, गुणिले २०: ५,६४,५१६.१३ डॉलर. दहाच सामने धरले तर निम्मे, २,८२,२५८.०६, आणि उरलेले निम्मे त्याला परत. पैसे परत आले. जास्तीचे नऊ सामने कुठून परत आणणार? अपील चालू असतानाही बंदी चालूच राहते, वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही. संघटनेच्या हातातलं हे सगळ्यात बोथट हत्यार. जिंकूनही उशीर झालेला असतो.

ओल्डहॅमचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. जून २०१६ मध्ये लीगने त्यांना लवादाच्या कामावरून काढलं. कराराने दोन्ही पक्षांना तो अधिकार आहे. शिवाय लवादाने मर्यादा ओलांडून प्रकरण पहिल्यापासून नव्याने तपासलं, असं म्हणत लीग न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात गेली. २०१७ मध्ये न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. लवाद चुकला की बरोबर हे न्यायालय सहसा तोलत नाही. त्याने करारच वाचून निर्णय दिला का, एवढंच बघतं. कामगार न्यायालयात वावरणाऱ्यांना हे तत्त्व नवं नाही.

पुढचे लवाद श्याम दास. त्याआधी बेसबॉलमध्येही ते लवाद होते. रायन ब्राउनची उत्तेजकांवरून झालेली बंदी २०१२ मध्ये त्यांनी रद्द केली आणि काही महिन्यांत बेसबॉल लीगने त्यांना निरोप दिला. लवादाची खुर्ची अशी असते. एनएचएलमध्ये त्यांच्यापुढे आलेलं गाजलेलं प्रकरण टॉम विल्सनचं. २०१८ च्या मोसमपूर्व सामन्यात ऑस्कर सुंडक्विस्टच्या डोक्याला धडक, २० सामने. विल्सन वारंवारवाला, म्हणून भागाकार ८२ चा: पगार ५१,६६,६६७, कापलेली रक्कम १२,६०,१६२.६० डॉलर. बेटमननी कायम केलं, दासनी नोव्हेंबरमध्ये १४ वर आणलं. त्या दिवशी विल्सनचे १६ झाले होते. सहा सामन्यांचे ३ लाख ७८ हजार परत, दोन सामने पाण्यात.

दरवेळी लवाद खाली आणतो असंही नाही. २०२१ च्या प्लेऑफमध्ये जस्टिन फॉकला धडक दिल्याबद्दल नाझेम काद्रीला मिळालेले आठ सामने दासनी जसेच्या तसे ठेवले. उलट, फेब्रुवारी २०२५ मध्ये रायन हार्टमनचे दहाचे आठ खुद्द बेटमननीच केले. तेव्हा कमिशनरची पायरी नुसती शोभेची, हेही सरसकट खरं नाही. तरी संघटनेची बाजू तिथे क्वचितच वर राहते.

काही शिक्षांत या सगळ्याला वावच नसतो. बाकावरून उठून मारामारीत पहिला उतरणाऱ्याला नियमानेच दहा सामने. टोरोंटोच्या डेव्हिड क्लार्कसनला सप्टेंबर २०१३ मध्ये, मोसम सुरू व्हायच्या आधीच, ते बसले. त्यात चित्रफितीची चर्चा नाही, इतिहास नाही, काही नाही. शिवाय तो खेळत नसताना त्याचा पगार संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत धरलेलाच राहिला, त्यामुळे चटका संघालाही बसला.

रायलीचं अपील संघटनेने मुदतीत दाखल केलं. बेटमनचा निकाल २० फेब्रुवारीला आला: पाच कायम. तोवर चार सामने होऊन गेले होते. पाचवा दुसऱ्या दिवशी ॲरिझोनात झाला, आणि २२ तारखेला लास व्हेगासमध्ये तो पुन्हा बर्फावर उतरला.