भरलेली पिकअप, ऑटोमॅटिक गिअर आणि रॉकीजचा घाट

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची ५,४०० फूट. अमेरिकेतलं डेन्व्हर हे अख्खं शहरच ५,२८० फुटांवर वसलंय, आणि तिथून पश्चिमेला निघणारा आय-७० हायवे जेमतेम ६० मैलांत ११,००० फुटांच्या वर चढतो. या रस्त्यावर भरलेली पिकअप न्यायची वेळ आली ती मावसभावाच्या बदलीमुळे. त्याचं बिऱ्हाड कोलोरॅडोच्या पार पश्चिम टोकाला, ग्रँड जंक्शनला हलवायचं होतं. बायको-मुलांना घेऊन तो कारने पुढे निघाला. कपाटं, वॉशिंग मशीन आणि पुस्तकांची खोकी हौद्यात बांधून मागोमाग मी, आणि शेजारच्या सीटवर मावशी.

पिकअप भाड्याची. चार दारांची, ३.५ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. इकडे हिला लहान पिकअपच म्हणतात. सपाट रस्त्यावर ती उत्तम चालते. सहाव्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन दीड हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर असतं, आवाज जवळजवळ नाहीच. पेट्रोल वाचवायला ही रचना बरोबर आहे. पण दीड हजार आरपीएमवर अशा पेट्रोल इंजिनात जोर कितीसा असणार? त्याची खरी ताकद चार-साडेचार हजाराच्या पुढे.

डेन्व्हर मागे पडलं आणि रॉकीजचे डोंगर सुरू झाले तसा हा प्रश्न लगेच समोर आला. मी क्रूझ कंट्रोल लावलेला, म्हणजे ठरवलेला वेग गाडीच आपणहून राखते. चढ लागला, वेग दोन-तीन मैलांनी उतरला. आधी आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने वर सरकला, गिअर मात्र तोच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटलं की असं होतं. मग गाडीने एकदम दोन गिअर खाली टाकले, इंजिन गरजलं, वेग परत आला. वेग आला म्हणून गाडीने पुन्हा सहावा टाकला, सहाव्यात दम नाही म्हणून वेग पुन्हा पडला, की पुन्हा तेच. 

"अरे, ही अशी मधेच का ओरडते?" मावशीने विचारलं.

"तिला पुढचा चढ दिसत नाही, मावशी. पाय किती दाबलाय आणि वेग किती आहे, एवढंच तिला कळतं."

गिअर कधी बदलायचा याचं कोष्टक कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असतं, आणि त्याचा मुख्य आधार याच दोन गोष्टी. नव्या गाड्या चढ ओळखण्याचा प्रयत्नही करतात: एवढा पाय दाबल्यावर सपाटीवर एवढा वेग वाढायला हवा, तो वाढत नाही, म्हणजे चढ असणार. पण हा हिशोब चढ लागल्यानंतरचा. ड्रायव्हरला पुढच्या वळणानंतरचा उभा रस्ता अर्धा मैल आधी दिसतो. गिअरबॉक्सला तो गाडीने वेग गमावल्यावरच समजतो. माझ्या मते डोंगरात ऑटोमॅटिक चालवणाऱ्याने हे मनात पक्कं धरूनच निघावं.

आयडाहो स्प्रिंग्जला चहा घेतला आणि निघताना क्रूझ बंद केला. गिअरचा दांडा 'डी'वरून 'एस'मध्ये ओढला आणि चौथा निवडला. या गाडीत 'एस-४'चा अर्थ चौथ्यावर अडकून राहा असा नाही, चौथ्याच्या वर जाऊ नकोस असा आहे. गरज पडली तर ती तिसरा, दुसरा आपणहून टाकते. पाचवा आणि सहावा हे दोन ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे इंजिन हळू फिरवून पेट्रोल वाचवणारे, गिअर तेवढे बंद होतात. 

जॉर्जटाउनपर्यंत हे पुरलं. जॉर्जटाउन साडेआठ हजार फुटांवर आहे, आणि तिथून सिल्व्हर प्लूमपर्यंतची दोन मैलांची चढण अशी की अठरा चाकांचे ट्रक धोक्याचे दिवे लावून उजव्या लेनमधून रांगत असतात. इथेच डाव्या हाताला जॉर्जटाउन लूपची जुनी नॅरो गेज रेल्वे दिसते. दोन गावांत सरळ अंतर दोन मैल आणि उंचीचा फरक ६०० फुटांहून जास्त. वाफेच्या इंजिनाला तो झेपणारा नव्हता. म्हणून १८८४ मध्ये रूळ दरीत फिरवून, स्वतःच्याच वरून पुलावर नेऊन, लांबी वाढवून चढ सौम्य केला. हायवेला अशी सवलत नाही. तो सरळ वर जातो.

आणि इथे चौथाही अपुरा पडला. या गिअरबॉक्सची मेख इथेच आहे. ताशी ६० मैलांना चौथ्यात इंजिन सुमारे २,६०० आरपीएमवर असतं आणि तिसऱ्यात थेट ३,८००च्या वर. मधे काहीच नाही. भरल्या गाडीला चौथा कमी पडतो आणि तिसरा जास्त वाटतो, म्हणून ती दोघांत हेलपाटे घालत राहते. त्यात उंचीची भर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. ११,००० फुटांवर समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. कागदावरच्या हॉर्सपॉवरला इथे फारसा अर्थ उरत नाही.

मी तिसरा टाकला, वेग पन्नासवर आणला आणि उजव्या लेनमध्ये गेलो. काटा ३,२००वर येऊन थांबला. आवाज मोठा, पण एकसारखा. मावशीने दारावरचं घट्ट धरलेलं हँडल सोडलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पुष्कळ लोकांना हा आवाज ऐकून वाटतं की इंजिनाचे हाल चाललेत. मला अगदी उलटं वाटतं. तीन-साडेतीन हजारावर इंजिन आरामात असतं, तेलपाणी नीट फिरतं. हाल होतात ते गिअरबॉक्सचे, जेव्हा तो दर अर्ध्या मिनिटाला गिअर बदलतो आणि कन्व्हर्टर लॉक न होता घसरत राहतो. त्या घसरण्यातून निघणारी सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते, आणि तेल जळलं की गिअरबॉक्सचं आयुष्य संपत येतं.

आयझेनहॉवर बोगदा आला. पश्चिमेकडे जाणारा हा बोगदा १९७३ मध्ये खुला झाला, परतीचा जॉन्सन बोगदा १९७९ मध्ये. लांबी १.७ मैल, पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर. डोक्यावर खंडाचा जलविभाजक: अलीकडचं पाणी अटलांटिककडे, पलीकडचं पॅसिफिककडे.

बाहेर पडलं की समोर सात टक्क्यांचा उतार, थेट सिल्व्हरथॉर्नपर्यंत. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढते रॅम्प केलेत. तिकडे बोट दाखवून मावशी म्हणाली, "तुझे काका पसरणी घाटात काय करायचे माहितीये? ज्या गिअरला घाट चढला त्याच गिअरला उतरायचा. एसटी न्यूट्रलला सोडणाऱ्याला ते शेजारी उभं करत नसत."

काकांचा नियम रॉकीजमध्ये तंतोतंत लागू पडतो. मी बोगद्यातच तिसरा धरून ठेवला होता. बाहेर आल्यावर पाय पूर्ण उचलला तरी गाडी सुटली नाही. आरपीएम साडेतीन हजार, आणि गंमत अशी की या वेळी इंजिन पेट्रोल जवळजवळ घेतच नाही. ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असली की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. वेग पंचावन्नच्या पुढे सरकला की ब्रेक एकदा नीट दाबायचा, पंचेचाळीसवर आणायचं आणि सोडून द्यायचं. सतत हलका पाय ठेवला की पॅड तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी लागत नाही. पुढे एका कारच्या मागचे लाल दिवे पूर्ण उतारभर विझले नाहीत. सिल्व्हरथॉर्नच्या सिग्नलला आम्ही तिच्या शेजारी थांबलो तेव्हा जळक्या ब्रेकचा वास काच बंद असूनही आत आला.

त्यानंतरची १०,६६२ फुटांची व्हेल पास त्यामानाने सोपी. ग्लेनवुड कॅन्यनमध्ये रस्ता कोलोरॅडो नदीला चिकटून जातो, चढ-उतार नावालाच. तिथे दांडा परत 'डी'मध्ये टाकला आणि गाडी सहाव्यात गुपचूप चालत राहिली. मावशीला झोप लागली. संध्याकाळी ग्रँड जंक्शनला सामान उतरवलं, भावाने शेजारच्या पॅलिसेड गावचे पीच कापून ठेवले होते.

जेवताना भाऊ विचारत होता, स्वतःसाठी पिकअप घ्यायची तर कुठली. मी त्याला म्हटलं, या डोंगरात राहणार असशील तर हॉर्सपॉवर नंतर बघ. टर्बो आहे का आणि गिअरमधली अंतरं किती आहेत, ते आधी बघ. २०१९ पासूनच्या अमेरिकन फोर्ड रेंजरमध्ये २.३ लिटर टर्बोला दहा गिअर जोडलेत. शेजारशेजारच्या गिअरमधला फरक लहान, त्यामुळे एक गिअर खाली गेला तरी आरपीएमची उडी छोटी. आपल्याकडे २०२२ पासून मिळणाऱ्या टोयोटा हायलक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर सहाच आहेत, पण २.८ लिटर टर्बो डिझेल कमी आरपीएमवरच ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, म्हणून तिला तेवढ्यातच भागतं.

परतताना हौदा रिकामा होता. बोगद्यापर्यंतची चढण चौथ्यातच निघाली, तिसरा क्वचित लागला. डेन्व्हरच्या अलीकडे शेवटच्या उतारावर, खाली मैदान दिसायला लागतं तिथेच, ट्रकवाल्यांसाठी मोठ्या पाट्या आहेत: फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं. आम्हीही ते चार मैल चौथ्यातच उतरलो.