हरिहरेश्वरला जाताय? आधी तिथी बघा

पुण्याहून जोडीने शनिवार-रविवार समुद्रावर जायचं म्हटलं की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा सगळेच सुचवतात. पण हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेबद्दल कुणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. आमच्या लॉजवाल्याने तर "कधीही जा, देवळामागून पाच मिनिटांचा रस्ता" म्हणत आम्हाला भर दुपारी पिटाळलं. आणि त्या दिवशी पौर्णिमा!

काळभैरवाच्या देवळामागून टेकडी चढायची. वरून समुद्राच्या अंगाला वळलं की दोन कड्यांमधल्या घळीतून पायऱ्या थेट खाली उतरतात. उंच आणि अरुंद, समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. अधूनमधून सिंहगड चढणाऱ्याला यात काही वाटणार नाही. खरा प्रकार खाली आहे. पायऱ्या संपल्यावर डोंगराला वळसा घालत किनाऱ्याच्या खडकांवरून देवळाकडे यायचं असतं. एका बाजूला लाटांनी जाळीसारखा कोरलेला कडा, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते आणि मागे फक्त कडा उरतो. इथून माणसं वाहून गेलेली आहेत.

आम्ही घळीत होतो तेव्हा खालच्या पायरीवर फेस येऊन आपटत होता. तरी पुढचा घोळका ओल्या खडकावर फोटो काढत उभा. आम्ही परत फिरलो. वर कोकम सरबत विकणारे काका म्हणाले, "ताई, आज पुनव. बाराला भरती. साडेचारनंतर या की." हिशेबही त्यांनीच शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती नेमकी दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे पुण्यातून निघालेली मंडळी दर्शन आटोपून प्रदक्षिणेला वळतात तेव्हाच. ही वेळ लॉजवाल्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

संध्याकाळी गेलो तर जागाच वेगळी. खडक लांबवर उघडे, खळग्यांतल्या पाण्यात बोटभर मासे आणि आपली चाहूल लागताच फटीत सटकणारे खेकडे. नवरा लगेच दुसरी फेरी मारू म्हणत होता. या पूर्ण पट्ट्यात एवढं एकच केलंत तरी पैसे वसूल. फक्त ओहोटी लागलेली हवी आणि पायात पकड असलेले सँडल हवेत. हिरवट दिसणाऱ्या खडकावर पाय टाकू नका. पावसाळ्यात तर नावच काढू नका. दर्शनाचा क्रम आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव.

'बीच टच' खोलीचे जादा पैसे देऊ नका. आमच्या खिडकीतून नारळाची वाडी, चिऱ्याचा गडगा आणि शेजारच्या लॉजच्या वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. विचारलं तर उत्तर, "गच्चीवरून दिसतो ना समुद्र!" बुक करण्याआधी व्हिडिओ कॉलवर खोलीच्या दारातून फोन फिरवायला लावा. टाळाटाळ केली की दुसरीकडे बघा.

दिवेआगर छान आहे, निवांत आहे, त्यावर बरंच लिहिलं गेलंय. श्रीवर्धनला जाताना आतल्या रस्त्याने न जाता शेखाडीवरून किनाऱ्याने जा, एवढंच.

ताम्हिणी उतरताना त्रास नाही, पण घाटात फोनला रेंज नसते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. परतताना रविवारी दुपारी तीनच्या आत माणगाव ओलांडा. आम्ही उशिरा निघालो आणि बाजारातच इतका वेळ अडकलो की त्या वेळात मुळशी आली असती. ते जमणार नसेल तर सरळ सोमवारची सुट्टी टाका. आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या संध्याकाळीच जेवणाच्या ठिकाणी सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी करून देत नाही.