गुडघ्यावर झाडलेली गोळी

जेम्स कॅमेरॉन यांचा १९९१ सालचा ‘टर्मिनेटर २’ हा चित्रपट आज अनेक वर्षांनी पुन्हा पाहिला आणि दिवसभर त्यातील हिंसेविषयीच विचार करत राहिलो. १९८४च्या पहिल्या भागात माणसासारखे दिसणारे जे यंत्र निव्वळ मारेकरी होते, अगदी तशाच, पण येथे रक्षणासाठी आलेल्या यंत्राकडून दहा वर्षांचा जॉन कोणालाही ठार न मारण्याचे वचन घेतो. माणसे का मारायची नाहीत, असे यंत्र विचारते, तेव्हा त्या मुलापाशी कोणताही युक्तिवाद नसतो; मारायचे नाही म्हणजे नाही, एवढेच तो पुन्हापुन्हा सांगतो, आणि मला ते पुरेसे वाटले.

मात्र त्यानंतर यंत्र पहारेकऱ्याच्या गुडघ्यांवर गोळ्या झाडते, तो जगेल असे शांतपणे सांगते, आणि प्रेक्षक हसतात. पूर्वी मीही हसलो होतो. आज त्या माणसाचे विव्हळणे ऐकू आले. जीव न घेणे आणि इजा न करणे यांतील अंतर चित्रपट फार सहजपणे ओलांडतो, अशी माझी तक्रार आहे.

सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग जॉनच्या आईचा, साराचा आहे. भविष्यातील कोट्यवधी मृत्यू टाळण्यासाठी ती डायसन या अभियंत्याला, ज्याच्या संशोधनातून पुढे माणसांवर उलटणारी यंत्रणा घडणार आहे, मारायला निघते, त्याला जखमीही करते. पण पत्नी आणि लहान मुलासमोर रक्तबंबाळ पडलेल्या त्या माणसावर, ज्याने अजून कोणताच गुन्हा केलेला नाही, शेवटची गोळी झाडणे तिला जमत नाही आणि ती रडत खाली कोसळते. तेथे मी चित्रपट थांबवला आणि बराच वेळ पुढे सुरू केला नाही.