मावशीचे सात रिकामे डबे

मावशीचं पोळीभाजी केंद्र नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत. सुट्टीवर ठाण्याला आले की सकाळी मी तिथेच असते, पोळ्या मोजून फॉइलमध्ये गुंडाळते. या खेपेला अकराच्या सुमारास एक फोन आला. मुलीला कळव्याला नर्सची नोकरी, खोली इथे जवळच, महिन्याचा डबा हवा होता. मावशीने दर सांगितला, भाज्या सांगितल्या, रविवारी बंद असतं तेही सांगितलं. मग विचारलं, "नाव काय लिहू?" पलीकडून नाव आलं. मावशी जरा थांबली आणि म्हणाली, "अगं, या महिन्याचे डबे फुल झालेत बघ."

मांडणीवर सात डबे पालथे घातलेले होते. मी मोजले.

मुलगी मुसलमान होती. मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली, "डबे धुवायला माझ्याच स्वयंपाकघरात येतात गं. देवाचा नैवेद्य याच ओट्यावर होतो. माझा धर्म मला पाळता यायला नको?" मावशी दुष्ट नाही. लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगच्या वॉचमनला तिने तीन महिने दोन्ही वेळचं जेवण दिलंय, एक पैसा न घेता. म्हणूनच ते वाक्य मला फार लागलं.

आणि तिचा प्रश्न खोटा नाही. मी राहते त्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये याच प्रश्नावर चार वर्षं खटला चालला. २०१४ साली एका ग्राहकाने ॲशर्स नावाच्या बेकरीत केक सांगितला. केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ लिहायची होती. बेकरीचं कुटुंब श्रद्धाळू ख्रिश्चन. आधी ऑर्डर घेतली, मग फोन करून नाकारली, पैसे परत केले. खालच्या कोर्टाने हा भेदभाव ठरवला आणि ५०० पौंडांची भरपाई द्यायला सांगितली, अपिलातही तेच झालं. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने निकाल फिरवला. कारण असं, की ती ओळ कोणीही मागितली असती तरी बेकरीने लिहिली नसती, आणि त्या ग्राहकाला दुसरा कुठलाही केक आनंदाने दिला असता. नकार मजकुराला होता, माणसाला नव्हता.

मला हा निकाल पटतो, आणि त्याला माझ्या घरचं कारण आहे. मी तिथे बिनअंड्याचे केक करून देते. एका वाढदिवसाला मला गणपतीच्या आकाराचा केक सांगितला गेला. फॉन्डंटची सोंड, फॉन्डंटचे कान. विचारणारी बाई प्रेमाने विचारत होती. पण त्यावर सुरी फिरणार, सोंडेचा तुकडा कोणाच्या तरी बशीत जाणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि हात गळाले. मी नाही म्हटलं. त्याऐवजी एकवीस मोदक ठेवलेला केक करून दिला, तो तिला आवडलाही. ती बाई आपल्यातलीच, पुण्याची. आयरिश असती तरी मी नाहीच म्हटलं असतं.

ब्रिटनच्या याच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उलट निकालही दिला होता. कॉर्नवॉलमध्ये गेस्ट हाऊस चालवणारं एक जोडपं डबल बेडची खोली फक्त लग्न झालेल्या नवरा-बायकोलाच देत असे. दोन पुरुष जोडीदारांना त्यांनी ती नाकारली. जोडपं मनापासून धार्मिक होतं, यावर कोणाचं दुमत नव्हतं. तरी ते हरले. तिथे कुठलाही मजकूर नव्हता. खोली तीच, पलंग तोच, फक्त माणसं नको होती.

मावशीला हे सगळं पोळ्या गुंडाळता गुंडाळता सांगितलं. तिने लगेच विचारलं, "म्हणजे उद्या कोणी मटण कर म्हटलं तर करून द्यायचं का मी?" मुळीच नाही. काय शिजवायचं ते तुझं तू ठरव. संकष्टीला कांदा-लसूण नाही तर कोणालाच नाही. पण जी वांग्याची भाजी जोशीकाकांच्या डब्यात जाते, तीच त्या मुलीने मागितली होती.

बेलफास्टला नवीन होते तेव्हा कळलं, तिथली जुनी माणसं ओळख झाली की शाळा विचारतात. शाळा कळली की कॅथलिक की प्रोटेस्टंट ते कळतं. आपण आडनाव विचारतो ना, अगदी तस्सं. या विचारण्यातून कितीतरी पिढ्यांच्या नोकऱ्या आणि घरं हुकली. म्हणून १९७६ मध्ये नोकऱ्यांसाठी कायदा आला, १९९८ मध्ये वस्तू आणि सेवाही त्यात आल्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत, पण दुकानाच्या काउंटरवर धर्माची चौकशी करून माल नाकारता येत नाही.

आपल्याकडे तर हे त्यांच्याही आधी लिहून ठेवलंय. राज्यघटनेचं कलम १५ सांगतं, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात अडवता येणार नाही. त्याच कलमात विहिरी आणि तलावही आहेत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते ठाण्याहून काही तासांच्या अंतरावर. पाणी बाटेल म्हणणाऱ्यांनाही आपण धर्मच पाळतोय असं वाटत होतं. हे मी मावशीला जरा चढ्या आवाजात बोलले. नको होतं बोलायला.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गणपतीचा केक तू नाकारलास तो चालला."

"त्या बाईला केक मिळाला, मावशी. या मुलीला तू काय दिलंस?"

तिने उत्तर दिलं नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर मांडणीवरचे सातही डबे उतरवले, धुतलेलेच होते, पुन्हा एकदा विसळले. शेवटचा डबा फडक्याने पुसताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलायला चांगली होती गं मुलगी."

मी मोबाइलमधला तो नंबर कागदावर उतरवला आणि गल्ल्याशेजारच्या वहीत ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी माझं विमान होतं.