देठ

आपण फूल खुडतो, फांदी कापून आणत नाही. देवाला जास्वंद, दाराला झेंडू, वेणीत अबोली. सगळीकडे फूल पोचतं ते बिनदेठाचं, फार तर नखाएवढ्या देठाचं. त्यामुळे पाण्यात उभे केलेले लांब देठ न्याहाळायची आपल्याला सवयच नाही. मला ती लावली एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने. (आडनाव साताऱ्याकडचं वाटतं खरं. आणि त्याच्या काळातला दुसरा मोठा चित्रकार कोण, तर मोने! खुद्द पॅरिसमध्येही या दोघांच्या नावांचा घोळ व्हायचा, त्यामुळे आपला झाला तर लाजू नये.)

इम्प्रेशनिस्ट मंडळी, म्हणजे क्षणाचा उजेड झपाट्याने टिपणारे मोनेसारखे चित्रकार, मानेला आपला म्होरक्या मानत. त्यांच्या १८७४ ते १८८६ या काळातल्या आठ प्रदर्शनांत त्याने एकदाही चित्र ठेवलं नाही, ही गोष्ट वेगळी. त्याला सलोंमध्येच, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनातच, मान हवा होता. १८८२च्या सलोंमध्ये त्याचं फोली-बेर्जेर या पॅरिसमधल्या करमणुकीच्या थिएटरातल्या बारचं मोठं चित्र लागलं: समोर बार सांभाळणारी बाई, तिच्यामागे आरसा. त्यातल्या आरशातलं प्रतिबिंब बरोबर की चूक, यावर जाणकार अजून भांडतात. मी मात्र त्या बाईच्या पुढ्यातल्या ग्लासाकडे बघतो. पाण्यात दोन गुलाब आहेत, देठांसकट.

तोवर मानेचा डावा पाय निकामी होत चालला होता. फार वेळ उभं राहणं जमेना, म्हणजे मोठे कॅनव्हास बंद. भेटीला येणारे फुलं आणत, ती तो काचेच्या फुलदाणीत ठेवून रंगवी. अशी बरीच छोटी चित्रं त्याने अखेरच्या काळात केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते जेमतेम ३३ बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या वहीएवढं.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं कार्नेशन आणि क्लेमॅटिसचं चित्र माझं विशेष लाडकं. वरची जांभळी क्लेमॅटिस त्याने झपझप उरकली आहे. जीव रमलाय तो खाली, पाण्यात. देठ पाण्यात शिरतो तिथे मोडल्यासारखा दिसतो, काचेच्या कडेला फाटतो, पुन्हा जुळतो. शाळेत प्रकाशाचं वक्रीभवन शिकलो तेव्हा पेन्सिल आणि ग्लास होता. हे दाखवलं असतं तर मार्क बरे पडले असते. मानेने त्यासाठी केलंय काय, तर थोडे हिरवे फटकारे, मध्ये करडा, काठावर पांढऱ्याचा ठिपका. जवळून बघा, नुसता रंग. दोन पावलं मागे या, पाणी.

एप्रिल १८८३मध्ये त्याचा पाय कापावा लागला आणि ३० तारखेला, एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला. त्यामुळे या चित्रांविषयी लिहिताना समीक्षकांचा गळा हमखास दाटून येतो: मरणाच्या दारातला माणूस, कोमेजणारी फुलं वगैरे. मला हे पटत नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांना मरण सुचवायचं असे तेव्हा ते फुलांशेजारी सरळ कवटी ठेवत, घड्याळ ठेवत. माने तसलं काही ठेवत नाही. त्याची फुलं आत्ताच पाण्यात ठेवलेली आहेत. ती मान टाकायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं म्हणून ओल्या रंगावर ओला रंग चढवायचा, ही घाई फुलांची आहे. पाय गेला तरी हात शाबूत होता, आणि त्या हाताला मजा येत होती, हे दिसतं की!

ती मजा आजारपणातही सुटली नाही. १८८०मध्ये त्याने अ‍ॅस्परॅगसची, म्हणजे आपल्या शतावरीच्या भाऊबंदाची, एक जुडी रंगवली. पुन्हा देठच! शार्ल एफ्रुसी या रसिकाने ती ८०० फ्रँकला घेतली आणि पाठवले हजार. मानेने सुटे परत केले नाहीत. एकच काडी असलेलं आणखी एक चित्र काढलं आणि तुमच्या जुडीतली एक राहिली होती, असं कळवून धाडून दिलं. आज जुडी जर्मनीत कोलोनच्या संग्रहालयात आहे आणि काडी पॅरिसला. दोनशे फ्रँकांत एवढं पदरात पाडून घेणारं गिऱ्हाईक माझ्या तरी पाहण्यात नाही.